थोरला मुनीम पडला, आता धाकट्याला गादीवर कसं बसवावं?

ऐन सोयाबीनच्या हंगामात नायगावच्या आडतीवरचा मुख्य सर्व्हर बसला, तर नवशिक्याने आधी चहा मागवावा. थट्टा नाही. हात गुंतलेला बरा.

मुख्य सर्व्हर हा थोरला मुनीम, स्टँडबाय हा नांदेडला बसवलेला धाकटा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये थोरला प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवतो, तिला ‘वॉल’ म्हणतात. खतावणी मागाहून सवडीने. धाकटा त्याच रोजकीर्दीवरून आपली खतावणी भरतो. विचारलं तर हिशोब सांगेल, पण एक ओळ लिही म्हणा, साफ नकार.

आता थोरला खरंच गेला का, ते बघा. नायगावात लाईट गेली की राऊटर बंद, आणि नांदेडच्या धाकट्याला वाटतं थोरला वारला. थोरला इन्व्हर्टरवर ठणठणीत, दुकानातल्या दुकानात पट्ट्या फाडतोय! अशात धाकट्याला गादी दिलीत की एकाच मालाच्या दोन पट्ट्या, दोन्ही खऱ्या. पुस्तकात याला ‘स्प्लिट-ब्रेन’ म्हणतात, आडतीवर भांडण म्हणतात. मी एका ठिकाणी हे करून ठेवलंय. तीन रात्री हमालांच्या चिठ्ठ्यांवरून वह्या जुळवल्या. म्हणून थोरल्याची वायरच उपटा. नुसता बंद केलेला थोरला लाईट येताच आपणहून उठून कामाला लागू शकतो.

धाकटा कुठवर पोचलाय तेही टिपून ठेवा. मुद्दाम बदललं नसेल तर नक्कल जराशी मागूनच येते. शेवटच्या काही पट्ट्या त्याच्याकडे नसतीलही. हे आडतीच्या मालकाला आत्ताच सांगा, संध्याकाळी नको.

प्रत्यक्ष बढती काही सेकंदांची. बाराव्या आवृत्तीपासून ‘पीजी-प्रमोट’ एवढं म्हटलं तरी पुरतं. फक्त त्याआधी आपण कोणत्या यंत्रावर बसलोय ते बघा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य सर्व्हरचाच सुमारे 300 जीबी डेटा पुसला. सहाएक तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. बढती झाली की काट्यावरच्या संगणकाला धाकट्याचा पत्ता द्या, नाहीतर तो थोरल्यालाच हाका मारत बसेल.

थोरला बरा होऊन आला की त्याला धाकटा करायचं. ‘पीजी-रिवाइंड’ने जमतं, पण चेकसम किंवा ‘वॉल-लॉग-हिंट्स’ आधीपासून चालू असतील तरच. नसतील, तर अख्खी नक्कल नव्याने आणावी लागते. तेव्हा नेटच्या नादी लागू नका. नांदेडला डिस्क भरून घ्या, पिशवीत घाला, देगलूरची एसटी पकडा आणि नायगावला उतरा.