नवी नवरी दम्मामला का निघाली?

"भाभी, रागवू नका, पण आळीत जे बोलतात ते तुमच्या कानावर घातलेलं बरं."

"सकाळपासून तेच ऐकतेय. तुमच्यापर्यंत कुठली आवृत्ती पोचलीय?"

"हेच, की तुमच्या बहिणीच्या मुलीचा निकाह जुलैत झाला आणि ऑगस्ट संपायच्या आत पोरगी एकटीच दम्मामला परत निघाली. नवरा पुण्यात. म्हणजे पटत नाही. दूधवाला तर म्हणतो, सासूशी वाजलंय."

"तिकीट सासूनेच काढून दिलंय, वहिनी."

मी छत्री मिटली. पाऊस होताच, पण असल्या बातमीला छत्री आड येते. आमच्या दोन घरांमध्ये जांभ्याचा गडगा आहे आणि त्याच्यावर कोपरं टेकली की भाभींचं परराष्ट्र खातं सुरू होतं. भाईंची, म्हणजे भाभींच्या नवऱ्याची, उमेद दम्मामच्या वर्कशॉपात गेली. त्यामुळे इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, जवाजात म्हणजे पासपोर्ट खातं, कफील म्हणजे तिकडचा मालक, हे शब्द या घरात मीठ-मसाल्यासारखे वापरात असतात.

"म्हणजे सासूच सुनेला घालवते?"

"घालवत नाही, सोडवून आणायला पाठवते. पोरीला तिथली मास्तरकी सोडायचीच आहे. ती सोडायलाच चाललीय."

"अहो, नोकरी सोडायला समुद्रापार कशाला जायला हवं? इथूनच एक ई-मेल टाकायचा. हल्लीची पोरं व्हॉट्सॲपवर राजीनामे देतात."

"नोकरी सुटेल हो. सौदी सुटत नाही. ती उन्हाळी सुट्टीला आली ती एक्झिट-रिएंट्रीवर. म्हणजे 'ही बाई जाते आणि अमुक तारखेच्या आत परत येते' असा परवाना. दोन महिन्यांना २०० रियाल, पुढे दर महिन्याला आणखी १००. कायमचं निघायचं तर वेगळा व्हिसा, फायनल एक्झिट. आमच्याकडे त्याला नुसतं खुरूज म्हणतात. 'अमक्याचा खुरूज लागला' म्हटलं की समजायचं, माणूस बाडबिस्तरा घेऊन आला. खुरूजला फी नाही. पण माणूस सौदीत असतानाच तो लावावा लागतो. एकदा सुट्टीवर बाहेर पडलात की बाहेरून रिएंट्रीचा खुरूज करून मिळत नाही."

"आणि नाहीच गेली तर? पोलीस येणार आहेत का तिला न्यायला?"

"पोलीस कशाला येतील? तारीख उलटली की तिकडच्या नोंदीत तीन शब्दांचा शेरा बसतो, 'गेला आणि परतला नाही' अशा अर्थाचा. पूर्वी त्या शेऱ्यापायी तीन वर्षं नव्या नोकरीचा व्हिसा बंद. फक्त जुन्याच मालकाकडे जायची मुभा. आमच्या ओळखीत एकाने हेच केलं. तिकडे कंपनीशी बिनसलं, सुट्टीवर आला तो आलाच. वर्षाने चांगली नोकरी चालून आली, तर व्हिसाच लागेना. बसला घरी आंब्यांना पाणी घालत."

"पण ती बंदी काढली ना? आमचे हे पेपरात वाचून सांगत होते."

"काढली. २०२४ च्या जानेवारीत तिकडच्या पेपरांतच आलं. तिथूनच आळीतल्या शहाण्यांनी सुरू केलं, आता काय, नका जाऊ, बसा घरी. बंदी गेली म्हणून हिशेब गेला का?"

हिशेब म्हटल्यावर मी गडग्याला आणखी चिकटले.

"हे बघा. पोरीला पगार ४,००० रियाल, नोकरी चार वर्षं. तिकडे नोकरी संपताना मालकाने बक्षीस द्यायचं असतं, म्हणजे आपली ग्रॅच्युइटीच. पहिली पाच वर्षं दर वर्षाला अर्धा पगार, त्यानंतर दर वर्षाला पुरा. तिचे किती झाले?"

"दोन हजार चोक आठ हजार."

"बरोबर. पण करार संपायच्या आत स्वतः राजीनामा दिला, तर तेवढे मिळत नाहीत. दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, दहा झाली की सगळं. म्हणजे हिला मिळाले असते २,६६६."

"असते म्हणजे?"

भाभींनी इकडे-तिकडे बघितलं. गडग्यावर मुंगळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

"त्यांच्या कामगार कायद्यात ८७ नंबरचं कलम आहे. बाईने लग्नापासून सहा महिन्यांत किंवा बाळंतपणापासून तीन महिन्यांत नोकरी सोडली, तर बक्षीस पुरं द्यायचं. तिसरा हिस्सा नाही, पुरं."

"म्हणजे लग्नाचे आठ हजार!"

"लग्नाचे नाहीत, चार वर्षं पोरं हाकल्याचे. आता सांगा, रिएंट्री बुडवून घरी बसली असती तर? सलग १५ दिवसांपेक्षा जास्त न सांगता गैरहजर राहिली, तर लेखी ताकीद देऊन बक्षिसाशिवाय काढता येतं. वर करार मध्येच मोडला म्हणून मालक भरपाई मागू शकतो ते वेगळंच. म्हणून सासू म्हणाली, जा, रीतसर मोकळी होऊन ये. बँकेत होती ती बाई, रिटायर झाली. तिला हे एका वाक्यात कळलं. आपल्या आळीला अजून कळायचंय."

मला आमच्या जिल्हा परिषदेची आठवण झाली. बदलीचा हुकूम हातात असला तरी चार्ज देऊन कार्यमुक्त झाल्याशिवाय पुढच्या शाळेत हजर होता येत नाही. मधल्या मध्ये जो लटकतो त्याचा पगार दोन्हीकडून बंद. मी तसं म्हटलं तर भाभी खूश झाल्या.

"तेच! खुरूज म्हणजे कार्यमुक्तीच, फक्त देशातून."

"पण मालकाने नाही लावला खुरूज तर? कफील पासपोर्ट दाबून ठेवतात, असं आपण लहानपणापासून ऐकतोय."

"ते खोटं नव्हतं. यांच्या वेळी सुट्टीवर यायचं तरी कफीलची मर्जी. आई गेली तेव्हा हे चार दिवस ऑफिसच्या पायरीवर बसून होते. पण २०२१ च्या मार्चपासून कायदा बदलला. आता रिएंट्री असो की खुरूज, कामगाराला स्वतःच्या मोबाइलवर अबशर नावाच्या सरकारी ॲपमधून अर्ज करता येतो. मालकाला नुसतं कळवलं जातं. शाळा-कंपन्यांतल्या लोकांना हे लागू. घरकामाच्या बायका, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ त्यातून वगळले, आणि खरी गरज त्यांनाच होती. शिवाय नियम बदलला तरी शाळेच्या ऑफिसातला माणूस तोच असतो. तो फाइल दाबतो ती दाबतोच."

"मग ही करणार काय?"

"ऑगस्टअखेर पोचायचं, रिएंट्रीची तारीख जायच्या आत. शाळा उघडली की किवा नावाच्या सरकारी पोर्टलवर राजीनामा. तिकडे सगळे करार आता त्याच्यावरच असतात. २०२५ च्या फेब्रुवारीपासून नवीन आहे, की मालकाने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर राजीनामा मंजूर धरायचा. फार तर कारण लेखी देऊन ६० दिवस पुढे ढकलता येतो. आणि आपलं मन फिरलं तर सात दिवसांत मागेही घेता येतो, तोवर त्यांनी मंजूर केला नसेल तर."

"मन फिरेल का हो?"

"नवरा पुण्यात एकटा स्वयंपाक करतोय. नाही फिरणार. राजीनामा मंजूर झाला की खुरूज, तो लागल्यापासून ६० दिवसांत निघायचं. ते चुकवून तिथेच राहिलं तर १,००० रियाल दंड. सहा महिन्यांच्या आत सगळं बसतं, जुलै ते जानेवारी. मी बोटांवर मोजून दिलंय तिला."

"बाकी आवराआवर?"

"ती यांनी लिहून दिलीय. गाडीचा दंड असला तर भरायचा, तो थकला की व्हिसा अडतो. अनुभवाचा दाखला हातात घ्यायचा, तो फुकट द्यायला मालक बांधील आहे, आणि पुण्याच्या शाळा तोच मागणार. बँकेतले पैसे आधी इकडे पाठवायचे. आणि सौदीचं सिमकार्ड शेवटपर्यंत मोडायचं नाही. ओटीपी त्याच्यावर येतो. सिम मोडलं की अबशर गेलं, किवा गेलं, मग बसा फोन लावत. आणखी एक, वहिनी. मक्का-मदिना तिकडेच आहे. उद्या सासू-सुनेला उमऱ्याला जायचं म्हटलं, तर तिकडच्या दप्तरी आपलं नाव स्वच्छ असावं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. दूधवाल्याचं सासू-सुनेचं भांडण पावसात वाहून गेलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच शिजायला लागलं होतं.

"भाभी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे एक जागा रिकामी होणार तर. आमची धाकटी बीएड होऊन बसलीय. विनाअनुदानित शाळेत आठ हजारांवर राबते, रुपये बरं का, रियाल नव्हे."

"पाठवा की. पदवीला अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या. सौदी २०२२ च्या डिसेंबरपासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आलंय, त्यामुळे कागदांच्या फेऱ्या कमी झाल्यात. पण सहीच्या आधी करार माझ्याकडे आणा."

"पगार बघायला?"

"पगार पोरगीच बघेल. मी शेवटचं पान बघणार. मुदत किती, मध्येच सोडलं तर भरपाई किती, परतीचं तिकीट कोणाच्या खिशातून. लोक आत कसं जायचं ते एजंटला विचारतात, आणि बाहेर कसं पडायचं ते गडग्यावर येऊन मला. तेव्हा उशीर झालेला असतो."

घरातून कुकरची शिट्टी झाली. भाभी वळल्या.

"आळीत सांगू का हो खरं काय ते? पोरीची उगाच बदनामी नको."

"सांगा, खुशाल सांगा. रिएंट्री सांगा, खुरूज सांगा, सासूचं कौतुक सांगा. फक्त आठ हजार रियालचं बोलू नका. संध्याकाळपर्यंत त्याचे ऐंशी हजार होतील, आणि उद्या सकाळी दूधवाला माझ्या बहिणीकडे उसने मागायला जाईल."

मी शब्द दिला आणि आळीत आकडा अजून कोणाला सांगितलेला नाही. तुम्हाला सांगितला, पण तुम्ही काही आमच्या आळीतले नाही.