दात मोजून घेतलेली डिस्क

अद्रकीला भाव आला त्या साली फुलंब्रीतल्या तात्यांच्या घरी कॉम्प्युटर आला. पुढं अद्रकीचा भाव पडला आणि तिच्यापाठोपाठ कॉम्प्युटरचा वेगही. बटण दाबून तात्या गोठ्यात जायचे, बैलांना वैरण टाकायचे, हातपाय धुऊन परत यायचे; तरी पडद्यावर ठिपके खळ्यावर पात धरल्यासारखे गोल गोल फिरतच असायचे.

"हार्डडिस्क म्हातारी झालीय तात्या, एसएसडी टाकू," पुतण्या म्हणाला.

हार्डडिस्कच्या पोटात तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिच्यावरचा हवा तो ठिकाणा गाठायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. ऐकायला हा वेळ किरकोळ. पण विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फायली हुडकाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, त्यामुळं तेच काम त्या वेळाच्या शंभराव्या हिश्श्यात उरकतं.

तात्यांना पटलं. पण एसएसडीच्या खोक्यावर '५५० एमबी प्रति सेकंद' वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. उभा जन्म बैलबाजारात दात बघून गेलेला. बाजारातली धाव आणि वखरावरची चाल, यांतला फरक त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "हिचे दात किती?" त्यांनी विचारलं.

पुतण्या हसला खरा, पण प्रश्न नेमका होता. एसएसडीच्या एका कप्प्यात एक बिट ठेवायचा तर विद्युतभाराच्या दोन पायऱ्या ओळखाव्या लागतात. दोन बिटांना चार, तीन बिटांना आठ, चार बिटांना सोळा. तीन बिटांची ती टीएलसी, चार बिटांची क्यूएलसी. बैल दुसा, चौसा करत आठ दातांवर जुळला की भाव उतरू लागतो. इथंही पायऱ्या वाढतील तशी डिस्क स्वस्त होते, लिहिण्याचा वेग आणि आयुष्य मात्र घटतं. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी मालिकेतल्या १ टीबी डिस्कचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ५३० एमबीपर्यंत आहे. पण सलग ४२ जीबी लिहून झाल्यावर तो ८० वर येतो, हे कंपनीनं स्वतःच माहितीपत्रकात छापलंय. व्यापाऱ्यानं बैल लंगडतो हे आधीच सांगावं, असा प्रामाणिकपणा तात्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

आयुष्याचाही आकडा असतो: किती टेराबाइट लिहीपर्यंत हमी. क्रुशियलच्या बीएक्स५०० मालिकेत ४८० जीबीला १२० टेराबाइट आणि तीन वर्षं. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० आणि पाच वर्षं. तात्यांनी हिशेब मांडला. रोज २० जीबी लिहिलं तरी १२० टेराबाइट भरायला ६००० दिवस, म्हणजे सोळा वर्षं! "तवर आमचीच हमी संपंल," म्हणत त्यांनी हा मुद्दा निकालात काढला.

शेवटी शहरातून ४८० जीबीची टीएलसी डिस्क आली. विंडोजनं ती ४४७ जीबी दाखवली. तात्यांना थेट आडत्याचा कडता आठवला. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, हे समजावताना पुतण्याचा अर्धा तास गेला. माप दोन्हीकडं खरं आणि तेहतीस मात्र गायब, हे तात्यांना अजूनही पटलेलं नाही.

मग परीक्षा. पुतण्यानं डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवलं. वरच्या ओळीत पाचशेच्या पुढचे आकडे बघून तो खूश झाला. घरच्या कामाला मात्र तळाची ओळ बघायची असते: चार-चार केबीचे विस्कळीत तुकडे, एका वेळी एकच. तिथं तीसच्या आसपास आकडा होता. पुतण्या हिरमुसला. तात्यांनी जुन्या डिस्कचा तोच आकडा काढायला लावला, तर तो एकाच्याही खाली!

त्यानंतर तात्यांनी वखराला जुंपायचं ठरवलं. पुतणीच्या लग्नाचं साठ जीबी शूटिंग जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर टाकलं. वेग शंभराच्या वर जाईना. "माल खोटा!" पुतण्या ओरडला.

"म्हाताऱ्याच्या जोडीला तरणा जुंपलास," तात्या म्हणाले, "तो त्याच्याच चालीनं चालणार."

मग नव्या डिस्कवरच त्या शूटिंगची दुसरी प्रत काढली. पहिली तासं जोरात निघाली. वरमाला पडेपर्यंत वेग उतरला, दीडशेवर आला आणि पंगती उठेपर्यंत तिथंच टिकला. डिस्कनं मान टाकली नाही.

आता कॉम्प्युटर वैरणीची पेंढी सुटायच्या आत सुरू होतो. तात्यांना फक्त त्याच्या गप्प बसण्याची सवय होईना. आवाज न करणाऱ्या जनावराचा त्यांना भरवसा नाही. म्हणून जुनी हार्डडिस्क फोटोंसाठी आतच ठेवलीय. ती घरघरली की ते चष्मा पुसतात आणि बाजारभाव उघडतात.