गॅदरिंग आणि कलम 52

सरकारी कायद्याकडून मायेची अपेक्षा कोणी करत नाही, म्हणून 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 वाचताना थोडं गहिवरून येतं. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात तिथल्याच विद्यार्थ्यांनी किंवा प्राध्यापकांनी गाणं म्हटलं, तर गीतकार-संगीतकाराची परवानगी लागत नाही. ध्वनिमुद्रित गाणं वाजवायचं असेल, तर समोर विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढीच हवीत. म्हणजे अर्थशास्त्राच्या सरांनी माइक धरून किशोरकुमारला कितीही छळलं, तरी कायदा मध्ये पडत नाही. गाणं सुरात असावं, अशी अटही नाही. मसुदा करणाऱ्यांनी गॅदरिंगं पाहिली असावीत.

मात्र ही सवलत घरच्या कार्याला आहे. आपण गॅदरिंगचा ‘फेस्ट’ केला आणि सवलत तेवढी जुनीच धरून ठेवली. फाटकावर शीतपेयाची कमान, बाहेरून आणलेला ऑर्केस्ट्रा, तिकीट, शेजारच्या कॉलेजांची पोरं, शिवाय सगळं यूट्यूबवर थेट. बिदागी घेऊन आलेला गायक काही विद्यार्थी नव्हे. आणि यूट्यूबवरचा प्रेक्षक कोणाचा ना कोणाचा पालक असेलही, पण याच संस्थेतल्या मुलाचा असेल याची खात्री प्राचार्यही देणार नाहीत. यावर संयोजकांचं ठरलेलं उत्तर असतं: आम्हाला यात नफा नाही. नसेलही. पण नफा नाही म्हणून मंडपवाला खुर्च्या फुकट देत नाही, जनरेटरवाला तर आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय दोरी ओढत नाही. ज्याच्या गाण्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याने मात्र संस्कृतिसंवर्धनाच्या समाधानावर घर चालवावं, अशी अपेक्षा असते.

दुसरा बचाव जुनेपणाचा: रामायण कोणाच्या मालकीचं असतं का? वाल्मीकींचं नसेल, पण ‘गीतरामायणा’चं गणित वेगळं आहे. आपल्याकडे शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. गीतकार गदिमा 1977 मध्ये गेले, संगीतकार सुधीर फडके 2002 मध्ये. म्हणजे शब्द 2037 च्या अखेरीस मोकळे होणार आणि चाली 2062 च्या अखेरीस. मधली 25 वर्षं बाहेरच्या गायकाला तिकीट लावून बोलावलं, तर त्याने ती गीतं नुसती वाचून दाखवावीत. तुकोबांचे शब्द कधीचेच सर्वांचे झाले. पण श्रीनिवास खळ्यांच्या चालीत अभंग गायचा तर 2071 संपेपर्यंत थांबा. ध्वनिमुद्रिकेचा हक्क पुन्हा निराळा. आणि ‘तीस सेकंद वाजवलं तर चालतं’ हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा सिद्धान्त कितीही लोकप्रिय असला तरी कायद्यात सापडत नाही.

मग लग्नात कसं चालतं? चालतं, कारण धार्मिक समारंभाला सूट आहे आणि वरातीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पण ती सूट ताणून गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये परिपत्रक काढलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी रद्द केलं. शिवाय फेस्टला लग्न म्हणायचं, तर वधू-वर कोण, हा प्रश्न शिस्तपालन समितीपुढे जाईल.

एक तक्रार मात्र रास्त आहे. शब्द-चालीच्या परवान्यासाठी आयपीआरएसकडे जा, ध्वनिमुद्रिकेसाठी पीपीएलकडे जा, तिथे नसलेली गाणी आणखी कोणाकडे, हे एस. वाय. बी. कॉम.च्या सांस्कृतिक सचिवाने परीक्षेच्या तोंडावर शोधायचं, हा अन्याय आहे. आपल्या विद्यापीठांत कागद खाली सरकतात आणि जबाबदारी त्यांच्याबरोबर. अमेरिकेतली विद्यापीठं ॲस्कॅप, बीएमआय अशा परवाना देणाऱ्या संस्थांकडून विद्यार्थिसंख्येच्या हिशेबाने प्रत्येकी वर्षाचा एकच परवाना घेतात. आपल्यालाही ते जड नाही. फीच्या पावतीवर जिमखान्यापासून आपत्ती निवारणापर्यंत रकाने आहेतच. त्यांत संगीताचा एक वाढला, तर विद्यार्थी तो वाचणारही नाही.