फॉरमॅट मारावा लागेल!

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नियमित अपडेट्स बंद झाली आणि घरोघरच्या भाच्यांना कंठ फुटला. मामांचा लॅपटॉप जुना, पण ठणठणीत. फक्त त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नाही, म्हणून विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. "मामा, लिनक्स टाकू," भाचा म्हणतो. "फुकट आहे. विंडोजही राहू दे. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतील."

भाच्याने व्हिडिओ पाहिलेला असतो. पूर्ण नव्हे, पण बराचसा. डिस्कचा एक तुकडा तोडून लिनक्सला दिला जातो, इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं, वाय-फाय गायब होतं. भाचा न डगमगता विंडोजमध्ये शिरून लिनक्सचा तुकडा पुसून टाकतो. "झालं पहिल्यासारखं!" मामा रीस्टार्ट करतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात: 'एरर: नो सच पार्टिशन'. खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. कोणी कोणाला वाचवायचं, याचा खुलासा नाही. भाच्याला तेवढ्यात क्लासची आठवण होते.

आता वरात दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदार पडदा पाहतो, चार बटणं दाबतो, मान हलवतो. "फॉरमॅट मारावा लागेल. डेटा पाहिजे का? त्याचे वेगळे होतील." डेटा म्हणजे लेकीच्या लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब आणि आयकराची विवरणपत्रं. मामांचा चेहरा पाहून तो वर जोडतो, "हार्डडिस्कपण गेलेली असू शकते."

कुठेही काहीही गेलेलं नसतं. या वयाच्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइट्सचा एक कप्पा असतो, मास्टर बूट रेकॉर्ड. त्यातल्या ४४६ बाइट्समध्ये मशीन चालू करणारा कोड मावतो. लिनक्सने तिथे ग्रब हा आपला कोड बसवला, ग्रबचा उरलेला संसार होता पुसलेल्या तुकड्यात. भाडेकरू गेला, दारावर पाटी मात्र त्याचीच राहिली. विंडोज आत सुखरूप आहे, फोटोंसकट. विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह लावायचा, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मधून कमांड प्रॉम्प्ट गाठायचा आणि 'बूटरेक /फिक्सएमबीआर' एवढं टंकायचं. ती आज्ञा पाटी बदलते, वाटणीच्या कागदाला, म्हणजे पार्टिशन टेबलला, हात लावत नाही. सहसा एवढ्यावर भागतं. ४४६ बाइट्ससाठी ५०० जीबी धुऊन काढणाऱ्या आपल्या दुरुस्ती-परंपरेला ही पद्धत फार किरकोळ वाटते. बिल तरी कशाचं करणार?

नव्या लॅपटॉपवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे या कप्प्याचं काम जाऊन यूईएफआय ही नवी बूट-पद्धत आली, हौस तीच राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक ड्युअल बूट (विंडोज-लिनक्स दोन्ही असलेल्या) मशीनवरचं लिनक्स उंबऱ्यावरच अडवलं. पडद्यावर संदेश येई, 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'. एवढी प्रांजळ कबुली आपल्याला कुठल्या सरकारी खात्याकडूनही मिळत नाही.

आणि समजा, दोघं खरंच नांदले. मग घड्याळावरून जुंपते. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. सकाळी अकराला विंडोज उघडावं तर पहाटेचे साडेपाच! मामांना वाटतं, आपण लवकर उठायला लागलो.

तर मामालोकहो, काउंटरवर 'फॉरमॅट' हा शब्द कानी पडताच लॅपटॉप उचला आणि चालू पडा. दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेन ड्राइव्ह तयार करून घ्या, तो फुकट होतो. घरात तसा एक होता, हे खरं. भाच्याने लिनक्स त्याच्यावरच उतरवलं.