भीती सुईच्या टोकावर

'द एक्झॉर्सिस्ट'ने पन्नाशी ओलांडली, तरी त्याचं नाव निघालं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: मुलीचं गर्रकन मागे फिरणारं डोकं आणि हिरवी उलटी. मोबाइलवर तेवढाच तुकडा बघायचा आणि विचारायचं, यात घाबरण्यासारखं काय आहे? त्या तुकड्यात खरंच फारसं काही नाही. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने १९७३ साली खरी भीती पेरली ती इस्पितळात.

बारा वर्षांच्या रीगनला टेबलावर झोपवलंय. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचे आहेत. मानेत सुई जाते, रक्ताची चिळकांडी उडते, डोक्याजवळचं यंत्र धडाधड आपटायला लागतं. यात भूत कुठेच नाही. सगळी तेव्हाची रीतसर तपासणी. आणि तिच्यातून निघत काहीच नाही! मग पुन्हा तपासण्या, आणखी डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ. आई प्रत्येक खेपेला थोडी अधिक खचते. आईच्या भूमिकेतल्या एलन बर्स्टिनने ते खचणं नुसत्या आवाजातूनही दाखवलंय. शेवटी डॉक्टरच आडून आडून सुचवतात, पाद्र्याला दाखवून बघा. अंगात काही शिरलंय असं मुलीला वाटतंय, तर ते निघाल्याचंही वाटेल. पेशाने नटी असलेल्या, देवधर्म न मानणाऱ्या त्या आईला हे ऐकून घ्यावं लागतं. पोराच्या दुखण्यापायी दारोदार हिंडलेल्या कुणालाही तो चेहरा परका वाटणार नाही.

भूत उतरवायला बोलावलेला पाद्री, फादर मेरिन, दारात उभा राहतो तेव्हा सिनेमा जेमतेम अर्धा तास उरलेला असतो. तोवर आपणही त्या आईइतकेच टेकीला आलेलो असतो, म्हणून पुढचं सगळं पटतं. कारागिरीही तशीच: खोलीचा सेट यंत्रांनी गोठवलेला, नटांच्या तोंडची वाफ खरी. मेरिन झालेला मॅक्स फॉन सिडो चाळिशीतला. त्याचं म्हातारपण डिक स्मिथच्या रंगभूषेचं.

२०२३च्या 'द एक्झॉर्सिस्ट: बिलीव्हर'मध्ये एकीच्या जागी दोन मुली झपाटल्या. भीती दुप्पट झाली नाही, पातळ झाली. माणसांत जीव गुंतायच्या आतच किंचाळ्या सुरू झाल्या, तर घाबरायचं कुणासाठी?

तेव्हा तुकडे पाहू नका. सुरुवातीच्या, इराकमधल्या उत्खननापासून सलग बघा, आणि इस्पितळाचा भाग तर मुळीच पुढे पळवू नका.