टेस्ट ड्राइव्ह, सासूबाईंसह

लाखो रुपयांची गाडी चालवून बघायला एक रुपयाही पडत नाही, या गोष्टीचा व्हावा तेवढा प्रचार आपल्याकडे झालेला नाही. लायसनची झेरॉक्स द्यायची, एका कागदावर सही करायची (गाडी ठोकली तर कोण भरणार हे त्यात लिहिलेलं असतं, म्हणून तो वाचायचा नसतो) आणि चेहरा असा ठेवायचा की घ्यायचं तर ठरलेलंच आहे, फक्त रंगावर घोडं अडलंय. यातला चेहराच अवघड. माझ्याकडे नुसतं बघून सेल्समन लोकांना माझी सध्याची गाडी, तिचं साल आणि राहिलेले हप्ते कळतात.

या खेपेला मात्र खरं गिऱ्हाईक बरोबर होतं. माझा मेहुणा. भोसरीच्या एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे. एका जुन्या लेथवर सुरुवात केली, आता सीएनसी मशिनं आहेत. "दाजी, यंदा मर्सिडीजची ई-क्लास घ्यायची," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर चला. तिथं इंग्रजी बोलायला लागतं." मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तर गाडीत मागं सासूबाई बसलेल्या. एवढी मोठी वस्तू घरात यायची आणि आपल्याला न विचारता, हे त्यांना मंजूर नव्हतं.

बाणेरच्या शोरूममध्ये माझं इंग्रजी वाया गेलं. सेल्समन पोरगा टाय लावून "गुड मॉर्निंग मॅम" म्हणत पुढं आला, त्याला सासूबाईंनी विचारलं, "कुठलं गाव रं तुझं?" पोरगा क्षणभर गांगरला. "बार्शी," म्हणाला. त्यानंतर आमच्या व्यवहारात इंग्रजीचं नाव निघालं नाही. टाय तेवढा राहिला.

त्यानं माहिती सुरू केली. ही नवी ई-क्लास 2024 च्या ऑक्टोबरात भारतात आली, आणि जुळते इथंच, आपल्या चाकणला. सासूबाईंचं माहेर खेड तालुक्यातलं. त्यांनी कान टवकारले.

"चाकण म्हंजी कांद्याचं चाकण?"

"हो आजी, तेच."

"मंग हितं कशाला घ्यायची? तिथनंच जाग्यावर घिऊ. मधल्या दलालीचं पैसं तरी वाचतील."

सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये या प्रश्नाचं उत्तर शिकवत नसावेत. खरं तर सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. या कंपनीचा पुण्याशी संबंध 1994 पासूनचा. सुरुवातीला ई-क्लास पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळायची, 2009 मध्ये कंपनी चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. ज्या शिवारात सासूबाईंनी बाजरी खुरपली त्याच्या आसपास आज जर्मन सस्पेन्शन बसवतात. ई-क्लास त्यांच्या माहेरी येऊन एवढी वर्षं झाली, पण भेट आत्ता होत होती.

गाडी दारात आणून उभी केली. लांबलचक, काळी, आणि इतकी चकचकीत की मेहुण्यानं तिच्यात बघून मिशी सारखी केली. सासूबाई मागच्या दाराशी गेल्या, आत डोकावल्या, मऊ गालिचा बघितला आणि सवयीनं चपला बाहेर काढून आत बसल्या. आम्ही निघालो. गाडी फाटकाच्या बाहेर पडतेय तोच आरशात वॉचमन पळताना दिसला, दोन्ही हातांत एकेक चप्पल. सेल्समन खाली उतरला आणि त्यानं त्या चपला डिकीत ठेवल्या. डिकीचं झाकण आपोआप, अत्यंत सावकाश, एखाद्या मंत्र्याच्या पादुका आत असल्यासारखं लागलं.

आता बसण्याची व्यवस्था सांगायला हवी, कारण पुढचा सगळा प्रकार त्यातून घडला. मेहुणा चालवायला. सेल्समननं रीतीप्रमाणे त्याच्या शेजारी बसायचं, पण "बाळा, तू माझ्यापाशी बस, मला समदं सांग," असा हुकूम झाल्यामुळे तो मागं उजवीकडे आणि मी पुढं डावीकडे. माझ्या बरोबर मागं सासूबाई.

पहिलं वळण आलं. मेहुण्यानं उजव्या हाताचा दांडा दाबला. इंडिकेटर लागला नाही; गाडीनं ओढ सोडली आणि ती नुसतीच घरंगळायला लागली. आपल्या नेहमीच्या गाड्यांत उजवा दांडा इंडिकेटरचा असतो. मर्सिडीजमध्ये तो गिअरचा, आणि इंडिकेटर डावीकडे. मेहुण्यानं वळायला म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती. मागून पीएमपीच्या बसनं हॉर्न दिला. सेल्समन अतिशय शांतपणे म्हणाला, "सर, होतं. सगळ्यांचंच होतं." त्या आवाजावरून त्यानं हे वाक्य किती लोकांना ऐकवलं असेल याचा अंदाज आला. पुढच्या चौकातही तेच झालं. तिसऱ्या चौकात मेहुण्यानं हात बाहेर काढून वळण घेतलं.

"कितीची हाय मोटर?" मागून प्रश्न आला.

"आजी, पेट्रोलची 204 हॉर्सपॉवर."

शहरातल्या माणसाला हॉर्सपॉवर म्हणजे काय ते कळत नाही, तो नुसती मान डोलावतो. सासूबाईंच्या विहिरीवर 5 एचपीची मोटर आहे. त्यांनी मनाशी हिशोब केला. "एवढ्यात अख्ख्या गावचं पाणी निघंल," त्या म्हणाल्या. "आन् हितं माणसं किती, चार."

बायपासला लागल्यावर गाडीनं आपला खरा गुण दाखवला. पाषाण मागं पडलं, चांदणी चौकाचे पूल दिसायला लागले, आणि आत काही ऐकूच येईना. शेजारून ट्रक गेला तो मूकपटातला. मेहुणा मिशीतल्या मिशीत हसत होता. पट्टा ओलांडला की स्टेअरिंग हाताला थरथरून ताकीद देई, आणि मेहुणा दर वेळी "सॉरी" म्हणे. आयुष्यभर दोन पट्ट्यांच्या मधोमध गाडी हाणलेल्या माणसाला एखाद्या वस्तूनं वळण लावलेलं मी प्रथमच बघत होतो. रिक्षावाले आमच्यापासून हातभर लांब चालत होते, हे तर त्याहून नवल. आदर वगैरे काही नाही. हिला ओरखडा गेला तर आपली रिक्षा विकावी लागेल, एवढं त्यांना कळतं.

मी मात्र या आनंदात फार वेळ राहिलो नाही, कारण माझी सीट हळूहळू पुढं चालली होती.

आधी वाटलं भास आहे. मग गुडघे डॅशबोर्डला टेकले. झालं होतं असं की बार्शीच्या पोरानं आजींना मागच्या दारावरची बटणं समजावून दिली होती, आणि त्यांतल्या एका बटणानं मागच्या माणसाला पुढची सीट सरकवता येते. मालकानं ऐसपैस बसावं म्हणून केलेली ही सोय. पुढच्या सीटवर जावई असेल हा विचार जर्मनीत कुणी केला नसावा. "आई, मी आहे इथं," मी म्हणालो. "दिसताय की," उत्तर आलं, आणि सीट आणखी चार बोटं पुढं गेली. दुसऱ्या बटणानं त्यांची पाठ मागं कलली, तिसऱ्यानं मांडीखालची गादी पुढं आली, चौथ्यानं खिडकीचा पडदा वर चढला. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 3094 मिलीमीटर आहे. त्यातले माझ्या वाट्याला किती आले ते मी सांगू शकत नाही, कारण मान वळवायला जागा नव्हती.

पण गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि मला एक गोष्ट लख्ख कळली. आपल्याकडे टेस्ट ड्राइव्ह चुकीच्या सीटवरून घेतात. ही लांब ई-क्लास मागं बसणाऱ्यासाठीच लांबवलेली आहे. जर्मन माणूस आपली गाडी आपण चालवतो, म्हणून त्याला आखूड चालते. लांब गाडी चीनला देतात आणि आपल्याला, आणि उजव्या हाताला स्टेअरिंग असलेली लांब ई-क्लास तर एकट्या भारतासाठीच होते. म्हणजे गाडी मागच्यासाठी, आणि बघायला मात्र पुढं बसून जायचं, ब्रेक कसा लागतो, पिकअप कसा आहे. ज्याला गाडीत बसून झोपायचंय त्याला पिकअप काय करायचाय? त्या गाडीत टेस्ट ड्राइव्ह खऱ्या अर्थानं एकच माणूस घेत होतं आणि ते माझ्या पाठीमागं बटणं दाबत होतं.

तशी मोटारीची पहिली लांबची चाचणीही घरातल्या बाईनंच घेतली होती. वेळ घालवायला मी ती हकिकत काचेकडे तोंड करून सासूबाईंना सांगितली. कार्ल बेंझनं मोटार बनवली होती, पण ती घेऊन लांब जायची हिंमत तो करीत नव्हता. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था दोन पोरांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभरावर किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीची पिन घालून साफ केली. ब्रेक झिजले तर मोच्याकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढाला पोरांनी ढकलली.

"कुठं चालली हुती एवढं करून?"

"माहेरी. तिची आई राहायची तिथं."

"मंग बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हायेराला जायाचं म्हटल्यावर बाई काय वाट्टंल ते चालवंल. नवरा काय म्हणला?"

"पोचल्यावर तिनं तार केली. आणि परत आल्यावर सांगितलं, चढासाठी अजून एक गिअर पाहिजे."

"म्हंजी चूक बी तिनंच काढली." मागून बटणाचा आवाज आला आणि माझी सीट दोन बोटं मागं गेली.

परतीला सेल्समननं सर्व्हिस रोडला घ्यायला सांगितलं, आणि तिथं स्पीड ब्रेकर आला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबानं स्पीड ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा, वर गोलसर. आमच्या समोरचा स्थानिक कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हिशोबानं केलेला होता. लांब गाडीचं पोट अशा ठिकाणी घासण्याची भीती. "सर, तिरकी घ्या, तिरकी," पोरगा ओरडला. मेहुण्यानं गाडी तिरकी केली, एकेक चाक करत वर चढवली, एकेक करत उतरवली, आणि तेवढ्या वेळात मागं टँकर, दोन टेम्पो आणि एक वरात थांबून राहिली. पेट्रोल गाडी 20 लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात एकरकमी रस्ता कर 13 टक्के. या गाडीला तो 10 लाखांच्या घरात जातो. कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के. एवढा कर भरलेल्या माणसाला रस्ता निदान सरळ ओलांडता यावा, असं मला वाटतं. पण ते टँकरवाल्याला पटलं नसतं.

शोरूमला पोचलो आणि खरी परीक्षा झाली. ही सेदान, जमिनीला धरून चालणारी. बसताना माणूस आपोआप आत जातं, उतरताना मात्र वर यावं लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते मान्य नव्हतं. एक हात सेल्समननं धरला, एक मी. "जोर लावा," असं त्याच आम्हाला सांगत होत्या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त उंच बांध्याच्या का असतात, याचं कारण जाहिरातीत डोंगरदऱ्या दाखवून सांगतात. खरं कारण घराघरांतले गुडघे आहेत.

चपला डिकीतून आल्या. त्या पायात सरकवून सासूबाईंनी निकाल दिला: "गाडी झ्याक हाय. आत बसल्यावर उतरू वाटत न्हाई, आन् उतरायला बी येत न्हाई." मग पोराकडे वळून, "तुझ्याकडं रं कुठली?" "स्प्लेंडर, आजी." "आन् पगार?" पोरानं खाली वाकून त्यांच्या कानात सांगितला. त्यांनी तो आम्हाला अजून सांगितलेला नाही.

मेहुण्यानं बुकिंग केलं. घरी येऊन पार्किंग मोजलं तेव्हा कळलं की बिल्डरनं नियमाप्रमाणे दिलेली जागा 5 मीटर लांब आहे आणि गाडी 5 मीटर 9 सेंटीमीटर. शेजाऱ्यांनी गाडी यायच्या आधीच सेक्रेटरीकडे त्या 9 सेंटीमीटरचा अर्ज दिलाय.

तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल तर माझं ऐका. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर न्या, त्याला मागं बसवा आणि त्याच्या पुढच्या सीटवर स्वतः बसू नका. पार्किंगला आधी टेप लावा. आणि शोरूममध्ये जी कॉफी देतात तिला साखर नसते, ती मागून घ्यावी लागते.