हप्त्यावरचे तारुण्य

शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात पन्नाशीला टेकलेला गृहस्थ पुन्हा मोटारसायकल घेतो तेव्हा 'जाण्यायेण्याची सोय' हे कारण द्यायची प्रथा आहे. कंपनीची बस दारात येते, हा मुद्दा घरच्यांनी काढायचा नसतो. एकेकाळी आरएक्स-100 चालवलेल्यांना हा विकार अधिक. ती गाडी 1996 मध्ये बंद झाली, खोड चालूच राहिली.

परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले असल्यास चाचणी नव्याने द्यावी लागते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा दाखलाही लागतो. तो मिळतो.

खरी गंमत कर्जात आहे. दर सांगितला जातो 10 टक्के, 'फ्लॅट'. दोन लाखांवर तीन वर्षांचे व्याज 60,000 रुपये, हप्ता 7,222. मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याजाची आकारणी मात्र शेवटपर्यंत पूर्ण दोन लाखांवर; घटत्या शिलकीने मोजल्यास हाच दर 18 टक्क्यांच्या घरात जातो. सह्या पानोपानी होतात. चष्मा नेमका घरी राहिलेला असतो.

पहिल्या रविवारी खंबाटकी घाट चढला जातो. 125 सीसीवरील गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचे आहे. कंबरेसाठी अशी तरतूद नाही. नंतरचे रविवार गाडी कव्हरखाली काढते, हप्ता मात्र एकही रविवार पाळत नाही. शेवटचा भरला तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 जोडून आरटीओकडे अर्ज करावा लागतो.